‘गावाला एचडी कशाला?’ असे विचारणाऱ्यांना

“गावाकडच्या माणसाला एचडी कशाला? चित्र हललं, आवाज आला, की त्याचं भागतं.” जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे वाक्य अनेक तोंडांतून ऐकू येते. डिशच्या छत्रीचा पाना फिरवणारा ते सांगतो, महिन्याचे पॅक विकणारा सांगतो आणि सणावाराला पुण्याहून आलेला पाहुणाही सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण मान डोलावतात, कारण एचडी म्हणजे शहरी चैन हे आपल्या गळी उतरलेले आहे.

या म्हणण्याला चार आधार दिले जातात. एक, फरक डोळ्यांना दिसतच नाही. दोन, सिनेमात गोष्ट महत्त्वाची, चित्राची प्रत नव्हे. तीन, गरिबाला परवडेल ते त्याला मिळते आहे, मग तक्रार कसली? चार, हल्ली सगळे मोबाइलवर पाहतात, वाहिन्यांचे दिवस सरले. चारही आधारांत खऱ्याचा थोडा थोडा अंश आहे आणि म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजेत. तपासल्यावर निघते ते वेगळेच. साधे चित्र पाठवतानाच बिघडवायचे, धड चित्र वेगळ्या भावाने विकायचे आणि वर म्हणायचे की घेणाऱ्याला दर्जाची पर्वा नाही, असा हा व्यवहार आहे.

आधी ‘गावाला कशाला’ या सुराबद्दल. हा सूर या दोन तालुक्यांत तरी कोणी लावू नये. नारायणगावजवळच्या आर्वीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले गेले. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी टिपतात. साराभाईंनी पाहिलेल्या स्वप्नातून ‘साइट’ हा प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण मुद्दा बदलत नाही. या देशात उपग्रहावरची दूरचित्रवाणी आणली गेली तीच मुळी खेड्यासाठी. पन्नास वर्षांनी त्याच खेड्याला ‘तुला काय करायचंय?’ विचारले जाते, यात अडाणी नेमके कोण?

आता पहिला आधार, फरक दिसत नाही हा. आकडे मांडून पाहू. एसडी, म्हणजे साध्या, चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, म्हणजे ४,१४,७२०. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोबर पाचपट. पण पाचपट ठिपके म्हणजे पाचपट चांगले दिसणे नव्हे. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. ३२ इंची टीव्हीचा पडदा जेमतेम ४० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर ५७६ ओळी बसवल्या, की एकेक ओळ ०.७ मिलिमीटरच्या आसपास येते. हिशेब केला तर सुमारे आठ फुटांपलीकडून त्या ओळी डोळ्याला सुट्या दिसत नाहीत. म्हणजे ३२ इंची टीव्ही नऊ-दहा फुटांवरून पाहणाऱ्याला उत्तम एसडी आणि उत्तम एचडी यांतला फरक फारसा जाणवणार नाही. विरोधकांचे एवढे म्हणणे मी बिनशर्त मान्य करतो.

पण ते मान्य केले की त्यांचीच अडचण होते. कारण त्याच ३२ इंची टीव्हीवर, त्याच नऊ-दहा फुटांवरून, ओतूरच्या घरात काय आणि घोडेगावच्या घरात काय, सिनेमाचे चित्र गढूळ दिसते. चेहरे मेणाचे वाटतात, अंधारातल्या प्रसंगात काळे चौकोन नाचतात, कॅमेरा वळला की झाडे विरघळतात. हा दोष ओळींच्या संख्येचा असता तर एवढ्या अंतरावरून दिसलाच नसता. तो दिसतो, याचा अर्थ दोष दुसरीकडे आहे.

तो आहे पिळवणुकीत. डिजिटल चित्र जसेच्या तसे पाठवत नाहीत, ते दाबून, आवळून पाठवतात. दर सेकंदाला किती माहिती पाठवायची, त्या मापाला बिटरेट म्हणतात. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरची, म्हणजे वाहिन्या खाली पाठवणाऱ्या यंत्राची, क्षमता ठरलेली असते आणि त्याचे भाडे जबर. त्यामुळे यात्रेच्या दिवशीच्या एसटीसारखे एकाच ट्रान्सपाँडरमध्ये वाहिनीवर वाहिनी चढवण्याचा मोह होतो. प्रत्येक नव्या वाहिनीबरोबर आधीच्या वाहिन्यांच्या वाट्याची माहिती घटते. ठिपके ५७६ ओळींचेच राहतात, पण त्यांत भरायला मजकूर उरत नाही.

हे खोटे वाटत असेल तर जुनी सीडी आणि डीव्हीडी आठवा. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबिटमध्ये बसवलेले. डीव्हीडी मात्र एसडीच, त्याच ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची, पण तिला सहज चार-सहा मेगाबिट मिळत. मराठी सिनेमाच्या व्हीसीडी ज्यांनी पाहिल्या आणि मग एखादी नीट बनवलेली डीव्हीडी पाहिली, त्यांना फरक सांगावा लागला नाही, आणि तोही जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीवर. तेव्हा एसडी म्हणजे खराब हे समीकरण खोटे आहे. आज आपल्याला दाखवतात ते उपाशी ठेवलेले एसडी आहे. त्याची एचडीशी तुलना करून ‘बघा, पैसे भरले की कसे लख्ख दिसते’ असे सांगणे म्हणजे दुधात आधी पाणी घालून मग बिनपाण्याच्या दुधाला जादा भाव लावणे होय.

शिवाय टीव्ही आता ३२ इंचांवर थांबलेला नाही. टोमॅटोला एखाद्या हंगामात भाव मिळाला की घरात ४३ इंची टीव्ही येतो. त्यावर एसडीची ओळ ०.९ मिलिमीटरच्या पुढे जाते आणि साडेदहा फुटांपर्यंत ती दिसते. गावाकडच्या पुढच्या खोलीत एवढे अंतर क्वचितच मिळते. म्हणजे तिथे पिळवणुकीचा दोष आणि ओळींचा तुटवडा, दोन्ही एकदम दिसतात. ‘फरक दिसत नाही’ म्हणणाऱ्यांनी कालचा टीव्ही मनात धरला आहे.

दुसरा आधार, गोष्ट महत्त्वाची. हा युक्तिवाद रसिकतेचा आव आणतो म्हणून त्याचा राग जास्त येतो. गोष्ट महत्त्वाची असतेच, पण सिनेमाची गोष्ट चित्रातून सांगितलेली असते. ‘फँड्री’ (२०१३) मधला जब्या तोंडाने किती बोलतो? त्याची सगळी घुसमट माळरानात, धुळीत, चेहऱ्यावरच्या सावलीत आहे. ‘किल्ला’ (२०१४) मधला पाऊस आणि समुद्र हे त्या मुलाच्या एकटेपणाचे संवाद आहेत. त्यातला पाऊस राखाडी चिखल होऊन दिसला तर संवाद गाळल्यासारखेच झाले. संवाद गाळून सिनेमा दाखवला तर प्रेक्षक भांडेल. मग चित्र गाळले तर त्याने गप्प का बसावे?

त्यातून मराठी सिनेमाचे दुर्दैव असे, की आवळलेल्या चित्राला जे जे जड जाते ते ते त्यात भरलेले आहे. चित्र आवळणारे गणित एका चौकटीतून पुढच्या चौकटीत काय बदलले तेवढेच पाठवते. बोलणारा माणूस एका जागी बसलेला असेल तर थोड्या माहितीत भागते. पण लावणीत पाय थिरकले, घुंगरू उसळले, जरीच्या काठावर दिवा चमकला, की सगळेच एकदम बदलते. पालखीची गर्दी, बैलगाडा शर्यतीतली धूळ, धबधबा, आणि सर्वांत वाईट म्हणजे उधळलेला भंडारा. हवेतल्या हळदीच्या एकेका कणाचा माग ठेवायला त्या गणिताकडे मजकूरच शिल्लक नसतो. मग पिवळ्या चौकोनांचा राडा दिसतो. मालिकेतल्या दिवाणखान्यात सासू-सून बोलत असतात तेव्हा तीच वाहिनी बरी दिसते, आणि सिनेमातली जत्रा भरली की तिचे पितळ उघडे पडते. सिनेमाच्या वाहिनीला इतर वाहिन्यांपेक्षा जास्त माहिती लागते ती यासाठी.

आणि हे सांगायचे कोणाला? नारायणगावकरांना? तमाशाची पंढरी म्हणून हे गाव ओळखले जाते. हंगामात इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक येऊन यात्रेसाठी सुपाऱ्या देतात. विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या. कोणत्या फडाची नाचणारी पायात हलकी आहे, ढोलकीवाला कुठे चुकला, सोंगाड्या शिळा विनोद करतो आहे का, हे इथला प्रेक्षक मागच्या रांगेतूनही सांगतो. त्याला डोळा नाही, हे ज्याने त्याच्याबरोबर बसून एकही वग पाहिला नाही तोच म्हणू शकतो.

सिनेमास्कोप चित्रपटांचे तर आणखी वाटोळे होते. २.३५ प्रमाणातला रुंद सिनेमा जुन्या चौकोनी एसडी चौकटीत काळ्या पट्ट्या ठेवून बसवला, की ५७६ पैकी जेमतेम ३२७ ओळी चित्राच्या वाट्याला येतात. उरलेल्या काळ्या. एचडीत त्याच सिनेमाला सुमारे ८१७ ओळी मिळतात. काही ठिकाणी पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणतात, मग नायक काटकुळा आणि बैल आखूड होतो. छायालेखकाने महिना महिना उन्हाची वाट पाहून घेतलेल्या दृश्याची ही गत.

इथे एचडीवाल्यांनीही खूश होऊ नये. नावापुढे एचडी लिहिले म्हणून चित्र एचडी होत नाही. झी टॉकीज २००७ साली सुरू झाली, तिची एचडी आवृत्ती २०१६ साली आली. २०२२ साली प्रवाह पिक्चर आली, तीही एचडीसह. मराठी सिनेमाला एचडीत जागा मिळाली हे चांगलेच झाले. पण जागा मिळणे वेगळे आणि त्या जागेत बसवायला सामग्री असणे वेगळे. जुना मराठी सिनेमा ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला आहे. त्या निगेटिव्हमध्ये एचडीला पुरून उरेल एवढा तपशील असतो. तो मिळवायला निगेटिव्ह किंवा चांगली प्रिंट नव्याने स्कॅन करावी लागते. ते न करता वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कॅसेटवर उतरवलेली प्रत फुगवून एचडीच्या चौकटीत बसवली, तर ती फक्त मोठी होते, स्पष्ट होत नाही. ‘पिंजरा’ (१९७२) हा रंगांचा सिनेमा आहे. त्याचे रंग कॅसेटमध्ये एकदा विटले, की एचडीच्या कोणत्याही नळीतून ते परत येत नाहीत. जादा पैसे घेऊन फुगवलेली प्रत दाखवणे ही फसवणूकच आहे, आणि ‘एचडी म्हणजे नुसता शिक्का’ या लोकांच्या संशयाला खतपाणी तिथूनच मिळते.

तिसरा आधार, परवडण्याचा. तो सगळ्यांत सभ्य दिसतो आणि सगळ्यांत पोकळ आहे. आज मंचरच्या दुकानात सर्वांत स्वस्त सपाट टीव्ही मागा. तो बहुधा ३२ इंची ‘एचडी रेडी’ असतो, त्याच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात. गरीब ग्राहकाने चांगल्या पडद्याचे पैसे मोजून झालेले आहेत. त्याला मिळत नाही ते त्या पडद्याच्या लायकीचे चित्र. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा दर आदेश १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला. त्यात १३० रुपये अधिक कर एवढ्या शुल्कात १०० एसडी वाहिन्या बसत आणि एक एचडी वाहिनी दोन एसडींच्या बरोबरीची धरली जाई. वाहिनीचा स्वतःचा भाव वेगळाच. नंतर आकडे बदलले, सवलती आल्या, पण एचडी म्हणजे ‘दुप्पट माल’ ही कल्पना त्या हिशेबाने पक्की केली.

प्रत्यक्षात उधळपट्टी करते ती दुहेरी व्यवस्था. तोच सिनेमा, त्याच वेळी, त्याच जाहिरातींसह एकदा एसडीत आणि एकदा एचडीत वर चढवला जातो. दोन्हींसाठी जागा अडते. त्यातून ‘डीडी फ्री डिश’वर बहुतेक खासगी वाहिन्या अजून एमपीईजी-२ या १९९० च्या दशकातल्या पद्धतीने जातात. २००३ साली आलेली एमपीईजी-४ पद्धत तेवढ्याच दर्जाचे चित्र साधारण निम्म्या माहितीत पाठवते. म्हणजे जुनी पद्धत आणि दुहेरी प्रक्षेपण सोडले, तर जागेची ओरड बरीच कमी होईल. इतरांनी ते केले आहे. फ्रान्सने एप्रिल २०१६ मध्ये जमिनीवरून होणारे आपले सगळे प्रक्षेपण एमपीईजी-४ वर नेले. बीबीसीने जानेवारी २०२४ मध्ये उपग्रहावरच्या एसडी वाहिन्या बंद केल्या, जर्मनीच्या एआरडीने जानेवारी २०२५ मध्ये. तिथे एचडी ही आता चैन नाही, तेच साधे चित्र आहे.

यावर उत्तर येते, की फ्री डिशवाल्याचा जुना बॉक्स एमपीईजी-४ घेत नाही, गरिबाचा बॉक्स निकामी कराल का? प्रश्न रास्त आहे, पण तो सोडवता येण्यासारखा आहे. ग्रामीण भागातली जुनी अ‍ॅनालॉग केबल ३१ मार्च २०१७ च्या मुदतीने बंद करायला सरकारने लावलीच होती. तेव्हा घरोघर नवा बॉक्स बसला, आणि बराचसा ग्राहकाच्याच खिशातून. पूर्वी सिंहगडाच्या प्रक्षेपकाकडे तोंड करून अँटेना फिरवत बसलेल्या पिढीला सांगण्यात आले, की आता पडद्यावरच्या मुंग्या जातील. मुंग्या गेल्या, चौकोन आले. जे सरकार आणि जो उद्योग आपल्या सोयीसाठी बॉक्स बदलायला लावू शकतो, त्याला प्रेक्षकाच्या सोयीसाठी बदलता येत नाही हे पटत नाही.

पावसाचाही दाखला दिला जातो. आहुप्याला, भीमाशंकरच्या पट्ट्यात पावसाळ्यात छत्री बंदच पडते, तिथे एचडी काय कामाची? डीटीएचचा केयू-बँड लहरींवरचा संदेश मुसळधार पावसात क्षीण होतो हे खरे, पण पाऊस एसडीलाही सोडत नाही. त्यावर उपाय म्हणजे ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री, घट्ट बसवलेला खांब आणि नीट साधलेली दिशा. डोंगरातल्या ग्राहकाला मैदानातलीच छत्री बसवून द्यायची आणि मग पावसाकडे बोट दाखवायचे, हा कामचुकारपणा झाला.

चौथा आधार, मोबाइलचा. वाहिन्यांचे ग्राहक घटत आहेत यात शंका नाही. ‘ट्राय’च्या आकड्यांनुसार पैसे भरणारे डीटीएच ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे ७ कोटी होते, २०२५ च्या सुरुवातीला ते ६ कोटींच्या खाली आले. पण हे लोक का गेले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. हातातल्या चार हजारांच्या जुन्या फोनवर जे चित्र फुकट लख्ख दिसते, तेच भिंतीवरच्या टीव्हीवर पैसे भरून गढूळ दिसत असेल, तर ग्राहक पळणारच. वाईट चित्राने ग्राहक जातो, आणि मग गेलेल्या ग्राहकाचे कारण देऊन चित्र आणखी आवळले जाते.

शिवाय मोबाइल एकाचा असतो. या उसाच्या पट्ट्यात बिबट्यामुळे दिवस मावळला की दारे लागतात, आणि घरातली चार-सहा माणसे एका खोलीत बसतात. आजीला लावणीप्रधान सिनेमा हवा, नातवाला मारामारीचा, सुनेला दोन तास निवांतपणा. त्या सगळ्यांना एकत्र बसवणारा पडदा अजून टीव्हीचाच आहे. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत तर मोबाइलची रेंजच धड नाही. तिथे उपग्रह हाच आधार आहे.

तेव्हा मागायचे काय, तेही स्पष्ट सांगतो. पहिले, मराठी सिनेमाच्या वाहिनीचा भाव एकच असावा आणि त्यात एचडी चित्र मिळावे. एसडी आवृत्ती कधी बंद होणार, याची तारीख जाहीर व्हावी. दुसरे, तोवर एसडी चालू आहे तर ती उपाशी ठेवू नये. किमान बिटरेट ठरवावा आणि वाहिनीचा भाव दिसतो तसा तो पडद्यावर दिसावा. तिसरे, एचडी वाहिनीवर फुगवलेली जुनी प्रत दाखवायची असेल तर सुरुवातीलाच तसे लिहावे. चौथे, फ्री डिशवरच्या मराठी वाहिन्या एमपीईजी-४ वर न्याव्यात आणि जुन्या बॉक्सच्या बदल्यात नवा द्यावा. पाचवे, पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या मदतीने जुन्या मराठी चित्रपटांचे नवे स्कॅन करून घ्यावेत. ज्या वाहिन्या वर्षानुवर्षे त्या चित्रपटांवर जाहिरातींचा पैसा कमावतात, त्यांनी त्या खर्चातला वाटा उचलावा.

यातले काहीही अशक्य नाही. तंत्र आहे, पडदे घरात आहेत, सिनेमे आहेत. नाही तो फक्त विचारणारा. गावाला एचडी कशाला, हा प्रश्न यापुढे गावाने ऐकून घेऊ नये. गावाने उलट विचारावे: आम्ही पैसे भरतो त्या चित्रात तुम्ही किती मजकूर पाठवता, आणि उरलेला कोणाला विकता?